‘बाजूने’चं रिकामं टेबल

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या यमुनापार मराठी मंडळाचे आधारस्तंभ, माननीय श्यामकांतजी. व्यासपीठावर बसून ‘हा आता काय बोलणार’ अशा नजरेनं माझ्याकडे बघणाऱ्या आदरणीय अलकनंदाकाकू. आजच्या समारंभाचे सत्कारमूर्ती, सिम्हामावशी नागावकर आणि नबीलकाका अवाद. समोर बसलेले मंडळाचे सन्माननीय सभासद आणि त्यांचे त्याहून सन्माननीय कुटुंबीय. राजेंद्रनगरहून अभ्यास बाजूला ठेवून, मतलब मसालेभाताच्या वासावर आलेले भावी कलेक्टर. आणि मागच्या रांगेत मोबाइल बघत बसलेल्या माझ्या मित्रांनो.

एवढं वाक्य काकूंनी माझ्याकडून पाठ करून घेतलं. याच्या पुढचं माझं स्वतःचं आहे. ज्यांना पाणी प्यायला जायचंय त्यांनी आत्ताच जाऊन यावं.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मी यतीन. वडील केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर, ते समोर बसलेत, मान खाली घालून. मी बारावी दोन अटेम्प्टमध्ये काढली आणि आता करोल बागेत गाड्यांना हॉर्न, स्टिरिओ आणि सीटकव्हर लावतो. मंडळाच्या गणपतीत साउंड माझा असतो. मागच्या वर्षी आरतीच्या मध्येच ट्रक रिव्हर्स घेताना वाजतो तसा आवाज आला होता. तो कुणी वाजवला याचा शोध अजून लागलेला नाही.

आता तुम्ही विचाराल, एवढे शिकलेले लोक हॉलमध्ये असताना भाषणाला हा का? श्यामकांतजींनीही हेच विचारलं होतं. उत्तर असं की सत्कारमूर्तींनी शर्त घातली. नबीलकाका म्हणाले, “मोठी माणसं बोलली की माझी स्तुती करतात. मला कंटाळा येतो. त्या हॉर्नवाल्याला बोलू दे, तो खरं बोलतो.” हॉर्नवाला, बरं का. दिल्लीत मला आजपर्यंत मिळालेली ही सगळ्यात मोठी पदवी.

तर खरं बोलतो.

सिम्हामावशी इस्रायलच्या. पण मूळच्या आपल्या, अलिबागजवळच्या नागावच्या. कोकणात जे ज्यू लोक पिढ्यान् पिढ्या तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं, त्यांच्यातल्या. आईवडिलांचं बोट धरून लहानपणी तिकडे गेल्या. घरात मराठी तशीच राहिली. त्यांची मराठी ऐकून मला लाज वाटते, कारण मी दिल्लीत वाढलो आणि मला ‘उंबरठा’ म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं. गाडीचा एखादा पार्ट असेल असं मला वाटायचं.

नबीलकाका पॅलेस्टाइनचे, बेथलेहेमजवळच्या एका गावचे. तरुणपणी पुण्यात फार्मसी शिकले. म्हणजे फार्मसी कॉलेजात शिकले आणि मराठी मेसमध्ये शिकले. त्यामुळे त्यांच्या मराठीत व्याकरण कमी आणि ‘काय राव’ जास्त. काही शब्द असे आहेत की ते बोलले की काकू घाईघाईनं स्वयंपाकघरात जातात.

मावशींची मुलगी ओरली बसमध्ये होती. बसमध्ये बॉम्ब होता. काकांचा मुलगा बासिल शाळेतून घरी येत होता. सैनिकाची गोळी लागली. गेली तेव्हा दोघं साधारण एकाच वयाची, माझ्या आत्ताच्या वयापेक्षा लहान.

हे दोघं एका संस्थेत काम करतात. तिथे दोन्हीकडची अशीच माणसं आहेत, ज्यांच्या घरातलं कुणीतरी या भांडणात गेलंय. आपल्या मंडळात सभासद व्हायचं तर वर्गणी द्यावी लागते. त्यांच्याकडे सभासद होण्याआधीच देऊन झालेलं असतं.

हे लोक करतात काय? शाळांमध्ये जातात. दोन्हीकडच्या. पोरं ओरडतात, शिव्या देतात, कुणी उठून जातं. हे बोलत राहतात. आणि त्यांची एक पद्धत आहे, ती नीट लक्षात घ्या. मावशी स्वतःच्या मुलीची गोष्ट कधीच सांगत नाहीत. ओरलीची गोष्ट सांगतात नबीलकाका. आणि बासिलची गोष्ट सांगतात मावशी. मी विचारलं, असं उलटं का? मावशी म्हणाल्या, “अरे, आपल्या घरचं मरण सांगताना माणूस वकील होतो. दुसऱ्याच्या घरचं सांगताना साक्षीदार होतो. पोरांना वकील खूप भेटतात.”

असे हे दोघं इथे एका परिषदेसाठी आले. मावशी म्हणाल्या, हॉटेल नको, मराठी माणसाचं घर द्या. अलकनंदाकाकूंनी आपल्या फ्लॅटमधल्या दोन खोल्या दिल्या. आणि मंडळानं ठरवलं, एक रविवार आपल्याकडेही कार्यक्रम व्हायला पाहिजे.

इथून पुढे अध्यक्ष महाराजांनी कृपया पाणी प्यावं.

आपलं मंडळ दोन गोष्टींत वाघ आहे. एक हळदीकुंकू आणि दुसरी वादविवाद स्पर्धा. श्यामकांतजींना कळलं, एक पाहुणी इस्रायलची, एक पाहुणा पॅलेस्टाइनचा. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “वा, दोन बाजू तयारच आहेत.” विषय निघाला: शांतता शक्य आहे. मावशी बाजूने, काका विरुद्ध. प्रत्येकी पाच मिनिटं, मग खंडन, मग परीक्षक, मग फिरता करंडक. मी म्हटलं, “सर, ते दोघं एकाच बाजूचे आहेत.” सर म्हणाले, “यतीन, तू साउंड बघ.”

काका हे ऐकून खूप हसले होते. मावशींना म्हणाले, “चल, बरं झालं, तुला हरवायचा चान्स मिळाला.” हे बुधवारी. बुधवारी आम्ही करोल बागेतही गेलो होतो. काकांना हिरव्या काचेच्या बांगड्या घ्यायच्या होत्या, बहिणीसाठी. सुहा तिचं नाव. लग्न होऊन गाझात गेलेली. पुण्याहून पहिल्यांदा घरी जाताना काकांनी तिच्यासाठी हिरव्या बांगड्या नेल्या होत्या, आणि त्या घालून ती नवरी झाली. तिकडे कुणी हिरव्या बांगड्या घालत नाही. तिनं घातल्या. मग दर वेळी भांडायची, फुटल्या, दुसऱ्या आण. मी म्हटलं, “काका, पण आत्ता गाझात पाठवणार कशा?” म्हणाले, “नाही पाठवता येणार. पण फोनवर आवाज तर ऐकवीन.” दुकानदारासमोर त्यांनी कानाशी धरून वाजवून बघितल्या. आमच्याकडे लोक हॉर्न असा वाजवून घेतात.

गुरुवारी फोन आला. सुहाचं घर पडलं. ती आत होती.

काका खोलीत गेले आणि दार लावलं. मावशी दाराबाहेर उभ्या राहिल्या. हात वर केला, पण ठोठावलं नाही. काकू म्हणाल्या, “जा ना आत.” मावशी म्हणाल्या, “कुठल्या तोंडानं जाऊ गो? माझा नातू तिकडेच आहे.” मावशींचा मोठा नातू ईताय सैन्यात आहे. जाऊ नकोस म्हणून मावशींनी खूप डोकेफोड केली. तो गेला.

आता आपल्याकडचा रिवाज तुम्हाला माहीत आहे. ज्या घरात कुणी गेलं, त्या घरात चूल पेटत नाही. शेजारचे डबे आणतात. दिल्लीत येऊन आपण खूप काही विसरलो, पण हे विसरलो नाही. संध्याकाळपर्यंत सोसायटीभर बातमी पसरली. ‘अलकनंदाकडच्या पाहुण्यांत कुणीतरी गेलं.’ पाहुण्यांत कुणाचं, एवढं मात्र कुणी नीट ऐकलं नाही. आईनं माझ्या हातात पिठल्याचा डबा दिला, मी गेलो. बघतो तर सतरंजीवर आपल्या सगळ्या काक्या-मावश्या बसलेल्या, आणि मध्ये सिम्हामावशी. सगळ्या त्यांचंच सांत्वन करत होत्या. कोपऱ्यात डब्यांची रांग. मला वाटलं आता मावशी सांगतील, बायांनो, चुकलात. त्यांनी माझा डबा घेतला आणि मांडीशी ठेवला.

रेवतीवहिनींनी हळूच विचारलं, “कोण होत्या तुमच्या?”

मावशी म्हणाल्या, “बहीण.”

तेवढ्यात दार उघडलं. काका उभे. डोळे लाल. म्हणाले, “सिम्हा, बहीण माझी.”

“हो.”

“मग यांना काय सांगितलंस?”

“या बायांनी नातं विचारलं. काय सांगू? माझ्यासोबत काम करतो त्याची बहीण? त्याच्यासाठी कुणी पिठलं आणत नाही रे.”

“तुझा नातू आहे तिथे.”

“आहे.”

“आज पण?”

“आज पण.”

“मग तू रडायचं नाही. तुला हक्क नाही.”

मावशींनी ओढणीनं तोंड पुसलं. म्हणाल्या, “बरं. नाही रडत.” आणि तिथेच बसून राहिल्या. उठल्या नाहीत, बरं का. मी असतो तर उठून गेलो असतो. तुम्ही?

सतरंजीवरच्या बायकांना तेव्हा कळलं की आपण भलत्याच माणसासमोर बसलोय. कुणाला उठवेना, कुणाला बसवेना. शेवटी काकू म्हणाल्या, “नबीलभाऊ, भांडण उद्या करा. भात निवतोय.” काका बसले. मावशींकडे पाठ करून बसले. काकूंनी पुढे केलेला पहिला घास त्यांनी घेतला नाही. दुसरा घेतला. मग भिंतीकडे बघत म्हणाले, “रविवारी मी येणार. शब्द दिलाय. पण हे शेवटचं. नंतर संस्था नाही, शाळा नाही. वीस वर्षं पोरांना सांगितलं, सगळं बदलेल. काय बदललं? आणि रविवारी मी हिच्या शेजारी बसणार नाही.”

 मावशींनी पिठल्याचा डबा त्यांच्याकडे सरकवला.

काकूंनी श्यामकांतजींना फोन केला. सर, ते एकमेकांशेजारी बसणार नाहीत. सर म्हणाले, “काही हरकत नाही, वादविवादात टेबलं वेगळीच असतात.” सर, हसू नका, तुम्ही हेच म्हणालात. काकू समजावत होत्या, कार्यक्रम रद्द करा. सर म्हणाले, “त्यांना विचारा.” काकांना विचारलं. काका म्हणाले, “ठेवा. आता मी खरंच विरुद्ध आहे.”

तर रविवार. हाच हॉल. डावीकडे टेबल, पाटी ‘बाजूने’, त्यावर ग्लास आणि पाण्याचा जग. उजवीकडे टेबल, पाटी ‘विरुद्ध’, त्यावर फक्त ग्लास, कारण जग एकच होता. मध्ये नचिकेत, आपला भावी आयएएस, हातात स्टॉपवॉच आणि मंडळाची पितळी घंटा. चार मिनिटांनी एक टोला, पाच मिनिटांनी दोन. नियम म्हणजे नियम. गेल्या वर्षी याच घंटेनं आमच्या बाबांना ‘अध्यात्म आणि विज्ञान’मध्ये अध्यात्मावरच थांबवलं होतं.

घंटेच्या आत ते लोंबतं काय असतं, ज्यानं आवाज येतो, त्याला मराठीत लोलक म्हणतात हे मला मावशींनीच सांगितलं. तर रविवारी त्या घंटेला लोलक नव्हता. कार्यक्रमाच्या आधी होता. साउंड लावायला स्टेजवर कोण कोण चढलं होतं, याची मंडळात चौकशी सुरू आहे. मी काही कबूल करत नाहीये. फक्त एवढं सांगतो, ज्या माणसाची बहीण गुरुवारी गेली त्याला रविवारी चार मिनिटांनी टोला वाजवून दाखवणं मला बिल्कुल पटलं नव्हतं. पटलं नाही एवढंच म्हणतोय, बाकी काही नाही.

टॉस झाला. काका आधी. उभे राहिले. त्यांनी राजकारण नाही सांगितलं. नकाशा नाही, ठराव नाही. राजेंद्रनगरची मंडळी वह्या उघडून बसली होती, पहिल्या पानावर काही आलं नाही. काकांनी सुहा सांगितली. ती लहानपणी झाडावरून कशी पडली. पुण्याला तिनं ऑलिव्हच्या तेलाचा डबा पाठवला, तो काकांनी मेसवाल्याला दिला, आणि त्यानं त्यात कांदाभजी तळली. “सुहाला सांगितलं तर दोन दिवस बोलली नाही. मग विचारलं, चव कशी होती.” हॉल हसला. मग ते म्हणाले, “बांगड्या माझ्या बॅगेत आहेत. बुधवारी घेतल्या. तिला आवाज ऐकवायचा राहिला.”

नचिकेतनं घंटा हलवली. आवाज नाही. परत हलवली. उलटी करून आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी स्पीकरच्या वायरी मोजत होतो. नचिकेत, तू त्या दिवशी घंटा हळूच खाली ठेवलीस आणि स्टॉपवॉच खिशात टाकलंस. तू आयएएस झालास की मी तुझ्या लाल दिव्याच्या गाडीला हॉर्न फुकट लावीन. लाल दिवे बंद झालेत म्हणा, पण हॉर्न आहे.

काका किती वेळ बोलले मला माहीत नाही. शेवटी म्हणाले, “मला विरुद्ध बोलायला सांगितलं. मी विरुद्ध आहे. शक्य नाही. मी थकलो. धन्यवाद.” आणि बसले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कशा वाजवणार?

सर उभे राहिले.  मंडळाची शिस्त अंगात मुरलेली. म्हणाले, “आता... बाजूने बोलणाऱ्या वक्त्यांनी... खंडन.”

सिम्हामावशी उठल्या. म्हणाल्या, “अध्यक्ष महाराज, खंडन करायला काही नाही. नबील बोलला ते खरं आहे. माझा नातू तिथे आहे ते खरं आहे. मी त्याला अडवू शकले नाही तेही खरं आहे. माझी पाच मिनिटं मला नकोत. त्याला द्या.”

आता बघा, एखादा साधा माणूस म्हणाला असता, ठीक आहे. पण आपले सर कोण? सरांनी नियमावली काढली. “माफ करा. नियम सातप्रमाणे वेळ फक्त आपल्याच बाजूच्या वक्त्याला देता येतो. प्रतिपक्षाला देता येत नाही.”

मावशींनी पाटीकडे बघितलं. मग आपला चष्मा उचलला, पर्स उचलली, आणि स्टेज ओलांडून ‘विरुद्ध’च्या टेबलाकडे गेल्या. “मग मला या बाजूला लिहा.”

काका म्हणाले, “मी हिला माझ्या बाजूला घेतलेलं नाही.”

मावशी म्हणाल्या, “तुला कोण विचारतंय? नियम सात.”

हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. मी होतो. पण मग सगळ्यांचं लक्ष डावीकडे गेलं. ‘बाजूने’ची पाटी, जग, ग्लास, रिकामी खुर्ची. काका पण तिकडेच बघत होते.  मग सरांना म्हणाले, “म्हणजे आता शांततेच्या बाजूने या हॉलमध्ये कुणीच नाही?”

सरांनी नियमावलीची पानं उलटली. त्यात याचं उत्तर नव्हतं. मित्रांनो, मी तुम्हाला विचारतो, आपण सव्वाशे माणसं बसलो होतो. खुर्ची रिकामी होती. कुणी उठलं का? मी पण नाही उठलो. आपल्याला वाटलं, आपण प्रेक्षक.

काका म्हणाले, “हे बरोबर दिसत नाही, राव.” उभे राहिले. मावशींकडे बघितलं नाही. माइक हातात घेतला आणि म्हणाले, “ओरली नावाची एक मुलगी होती. तिला गणित येत नव्हतं, आणि ती खोटं बोलायची की येतं.”

मावशींनी डोळे मिटले.

शाळेत पोरांना सांगतात ती गोष्ट. गुरुवारी म्हणाले होते ना, नंतर शाळा नाही? सांगत होते. ओरली आईच्या चपला घालून शाळेत जायची. तिला बस चुकायची सवय होती, आणि त्या दिवशी बस चुकली नाही. काकांना सगळं माहीत आहे, मावशींपेक्षा जास्त. बोलताना एका जागी उभं न राहता फिरायची त्यांची सवय आहे. गोष्ट संपली तेव्हा ते ‘बाजूने’च्या टेबलाला टेकून उभे होते. मुद्दाम नाही. घसा सुकला होता आणि पाणी तिकडे होतं.

श्यामकांतजी, मी तुमची खूप टिंगल केली. आता एक खरी गोष्ट सांगतो. तुम्ही तेव्हा उठलात, नियमावली खिशात घातलीत आणि म्हणालात, “आज निकाल नाही. करंडक पुढच्या वर्षी.” मग दोन्ही पाट्या स्वतः काढल्यात. परीक्षकांना चहा पाजलात. मंडळाच्या इतिहासात तुम्ही पहिल्यांदाच एक नियम मोडलात आणि मी मागे उभा राहून शिट्टी वाजवली. ती मात्र मीच वाजवली, हे मी लपवत नाही.

आता तुम्हाला वाटेल, मग सगळं गोड झालं. नाही झालं. त्यानंतरही काका मावशींशी दोन दिवस मोजकंच बोलत होते. मीठ दे, दार लाव, एवढंच. ईताय अजून तिकडेच आहे. मावशी रोज फोन लावतात, कधी लागतो, कधी नाही. सुहाला पुरलं कुठे, हेही काकांना नीट कळलेलं नाही. मी काही मोठा माणूस नाही, की तुम्हाला सांगू, प्रेमानं जग जिंकता येतं वगैरे. करोल बागेत मी प्रेमानं एक सीटकव्हरसुद्धा विकू शकलेलो नाही.

पण आज सकाळी एक झालं, ते सांगून थांबतो.

मावशींचं विमान आज संध्याकाळी आहे. काकांचं उद्या सकाळी, अम्मानमार्गे. मी काकांना विचारलं, “तुमच्यासाठी उद्या पहाटे गाडी आणू?” म्हणाले, “नको. आज एकच गाडी कर. मी पण हिच्याबरोबरच निघतो.”

मी म्हटलं, “काका, तुम्ही एवढे तास विमानतळावर करणार काय?”

म्हणाले, “बसणार. माझ्या घरापासून तिचं घर लांब नाही. पण मध्ये भिंत आहे, सैन्याचा तपासणी नाका आहे, आणि मला आता परवाना मिळत नाही. शाळेत ती वर्गात उभी राहते, मी पडद्यावर. तिच्या शेजारी बाकड्यावर बसायला मला दिल्लीला यावं लागतं. विमानतळावर बाकडी भरपूर आहेत.”

मी म्हटलं, “आणि बसून बोलणार काय?”

“भांडणार. अजून झालेलं नाही.” मग म्हणाले, “आणि पुढच्या आठवड्यात शाळा आहे. बासिलची गोष्ट सांगताना ती दर वेळी त्याचा शर्ट निळा सांगते. हिरवा होता. वीस वर्षं चुकीचा सांगते आहे. यावेळी नीट पाठ करून घेतो.”

मावशी आतून ओरडल्या, “निळाच होता. फोटोत निळा आहे.”

“फोटो जुना झाला, सिम्हा. रंग गेला.”

आत्ता हसताय तुम्ही, मी तेव्हा हसू शकलो नाही. जो माणूस म्हणाला होता की शाळा नाही, तो शर्टाच्या रंगावर भांडत होता. ‘संस्थेत राहतो’ असं ते कुणाला म्हणाले नाहीत. मला वाटतं, म्हणणार पण नाहीत.

तर मावशी, काका, मंडळाच्या वतीनं तुम्हाला शाल आणि श्रीफळ देण्यात येत आहे. नारळ विमानात नेऊ देत नाहीत असं ऐकलंय, तेव्हा तो आम्ही इथे फोडून वडी करू आणि तुमच्या नावानं खाऊ. अलकनंदाकाकूंचे आभार, ज्यांनी घर दिलं आणि दुसरा घास पुढे केला. त्या दिवशी भलत्याच माणसासमोर बसलेल्या सगळ्या बायकांचे आभार, कारण त्या चुकल्या नसत्या तर मावशींना ते नातं तोंडानं सांगावं लागलं नसतं. श्यामकांतजींचे आभार, नियम सातबद्दल. नचिकेतचे आभार, स्टॉपवॉच खिशात टाकल्याबद्दल. आणि तुम्हा सगळ्यांचे, मला शेवटपर्यंत बोलू दिल्याबद्दल. माझ्या घरी हे होत नाही.

बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचं नाव सुटलं असेल, कुणाला जास्त लागलं असेल, तर लहान समजून पोटात घाला. आणि पोटात मावत नसेल तर रात्री ओरडा, मी ऐकून घेईन. आत्ता मात्र मला जाऊ द्या. गाडी खाली नो-पार्किंगमध्ये लावलीय, आणि मागच्या सीटवर दोन जणांना शेजारी शेजारी बसायचंय.

नमस्कार.